यॉटने मुंबई ते गोवा: कोकणच्या शांत किनाऱ्याने जाता येतं का?

नगर-संभाजीनगर रस्त्यावर शनिशिंगणापूरचा फाटा लागतो ते आमचं घोडेगाव. कांद्याचा आणि जनावरांचा बाजार ही गावाची ओळख. पोहायला इथे विहिरीत शिकतात, समुद्र दोनशे किलोमीटरपेक्षा लांब. त्यामुळे पोर्तुगालच्या किंवा स्पेनमधल्या गॅलिसियाच्या अटलांटिक किनाऱ्याने यॉटमधून महिना-महिना फिरणाऱ्या कुटुंबांचे व्हिडिओ पाहिले की वाटतं, किनारा तर आपल्याकडेही आहे, मग असं कुणी फिरताना का दिसत नाही?

थोडक्यात उत्तर: जाता येतं. वारा चांगला आहे, खाड्या सुंदर आहेत, गर्दी नाही. नाहीत त्या सोयी.

यॉट म्हणजे नेमकं काय?

गेटवेसमोर पार्टीसाठी तासावर भाड्याने मिळते तीही यॉटच. पण लांब फिरणारे लोक बहुतेक शिडाची यॉट वापरतात. लांबी दहा-बारा मीटर, आत झोपायला आणि स्वयंपाकाला जागा, बंदरात शिरताना लागेल म्हणून छोटं डिझेल इंजिन. तळाला जड कणा असतो, त्याला कील म्हणतात. वाऱ्याने बोट कलंडू नये यासाठी तो असतो. हा कणा पाण्यात दीड-दोन मीटर खोल जातो आणि कोकणात बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

मुंबई ते पणजी हे अंतर समुद्रमार्गे साधारण सव्वादोनशे सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. ताशी पाच मैलांच्या वेगाने न थांबता पंचेचाळीस तास लागतील. दिवसा चालायचं आणि रात्री नांगर टाकायचा असेल तर आठ-दहा दिवस धरा.

वारा कधी साथ देतो?

शाळेत भूगोलात ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ पाठ केलेले आठवत असतील. इथे ते खरोखर कामाला येतात. नोव्हेंबर ते मार्च पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, उन्हं चढली की पडतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. गोव्याकडे जाताना तो पाठीमागून किंवा बाजूने मिळतो, म्हणून प्रवास सोपा. परतताना तोच वारा तोंडावर येतो आणि बोट नागमोडी चालवावी लागते. पोर्तुगालच्या किनाऱ्यावरही उन्हाळ्यात वारा उत्तरेचा असतो, तिथलेही लोक शक्यतो दक्षिणेकडेच निघतात.

पावसाळ्यात मात्र नाव काढायचं नाही. राज्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, मुंबईतले क्लबही शिडाच्या बोटी आवरून ठेवतात. मे महिनाही बेभरवशाचा. ‘तौक्ते’ मे 2021 मध्ये आलं, ‘निसर्ग’ 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. आणि 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. ती तर मुंबईपासून फार लांबही गेली नव्हती.

थांबायचं कुठे?

गॅलिसियात यॉट बांधायला मरिना असतात: धक्का, पाणी, वीज, डिझेल. कोकणात तसं काही नाही. नांगर टाकायचा आणि छोट्या होडीने किनाऱ्याला जायचं.

खाड्या भरपूर आहेत, पण बऱ्याच खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे साचतात. दोन मीटर खोल कणा घेऊन बाणकोट किंवा पूर्णगडला आत शिरायचं तर भरतीची वेळ आणि गावातला माहितगार तांडेल दोन्ही हवेत. भरती-ओहोटीचा फरक मुंबईजवळ उधाणाला पाच मीटरच्या आसपास जातो, गोव्याकडे तो दोन मीटरवर येतो. म्हणजे उत्तरेकडे संध्याकाळी पाण्यात उभी असलेली बोट रात्री चिखलात टेकू शकते.

राजपुरीची खाडी, जयगड आणि विजयदुर्ग ही आसऱ्याची चांगली ठिकाणं. त्यातही माझं मत विजयदुर्गला. किल्ल्याच्या आड वाघोटण खाडीचं पाणी खोल आणि शांत असतं. आंग्र्यांनी आरमारासाठी ही जागा का धरली आणि 1756 मध्ये ती पाडायला इंग्रज आणि पेशव्यांना एकत्र का यावं लागलं, हे नकाशा पाहिला की कळतं. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला जागा आहे, पण मासेमारी बोटींची दाटी. मालवणला सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडक पसरलेत, तिथे अंधारात शिरू नये.

खरा धोका कोणता?

जाळी. मैलोन्मैल पसरलेली, वर फक्त थर्माकोलचा किंवा प्लास्टिकच्या कॅनचा तरंगता खुणेचा तुकडा. रात्री तो दिसत नाही. दोर पंख्यात अडकला की इंजिन बंद, आणि कुणाची तरी महिन्याची कमाई फाटते. चूक आपलीच, कारण जाळं आधीपासून तिथे होतं. म्हणून रात्री जायचंच असेल तर किनाऱ्यापासून बरंच बाहेरून जावं.

तयारी काय हवी?

डेहराडूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे, हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा लाटा-वाऱ्याचा अंदाज, व्हीएचएफ रेडिओ (संकटासाठी चॅनेल 16), प्रत्येकाला लाइफजॅकेट. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554. 26/11 नंतर किनाऱ्यावर तपासणी कडक आहे, तेव्हा बोटीच्या नोंदणीची कागदपत्रं आणि सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा.

बोटी आपल्याकडे बनत नाहीत असं मात्र नाही. कमांडर दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे ते पहिले भारतीय. फॉकलंड ते केपटाऊन हा दक्षिण अटलांटिकचा टप्पाही त्यात होता. 56 फुटांची ती बोट गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात तयार झाली.

स्वतःची बोट नसेल तर आधी मुंबई किंवा गोव्यात शिडाची नौका चालवण्याचा छोटा कोर्स करा. मग अनुभवी माणसासोबत गेटवे ते मांडवा असा एक दिवस काढून बघा. बोट लागते की नाही, हे तेवढ्यात कळतं.