चष्म्याचा नंबर: इंचापासून डायॉप्टरपर्यंत

चष्मा तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत तयार झाला, पण आज आपण ज्या अर्थाने नंबर सांगतो तो नंबर यायला १८७२ साल उजाडावे लागले. मधल्या जवळजवळ सहाशे वर्षांत भिंगे घासणाऱ्यांचे कसब कमी पडले असे म्हणता येणार नाही. कमी होती ती मापाची, आणि तिची झळ सर्वांना सारखी बसली नाही. लांबचे अंधुक दिसणाऱ्यांना, म्हणजे निकटदृष्टिता असलेल्यांना, ती अधिक बसली. म्हणूनच त्यांच्या दृष्टीने मापाचा शोध भिंगाच्या शोधाइतकाच मोलाचा मानायला हवा.

याचा पुरावा मिलानच्या दरबारी पत्रव्यवहारात सापडतो. ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झाने १४६२ साली फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले. त्यांत वृद्धांसाठी जवळचे पाहण्याचे आणि तरुणांसाठी लांबचे पाहण्याचे चष्मे वेगळे सांगितले होते. त्याचा मुलगा गालेआत्सो मारिया याने १४६६ साली दोनशे चष्म्यांची मागणी केली, तेव्हा बहिर्गोल भिंगांची प्रतवारी तीस ते सत्तर वयापर्यंत पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी लावलेली होती. अंतर्गोल भिंगांचे मात्र दोनच प्रकार होते. हा फरक कारागिरांच्या हलगर्जीपणाचा नव्हे. वयाबरोबर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते आणि ते बहुतेकांत सारख्याच गतीने होते, त्यामुळे वय सांगितले की भिंग जवळपास ठरते. निकटदृष्टिता बहुधा नेत्रगोल लांब असल्याने येते. ही लांबी वयावरून ओळखता येत नाही. एकाच वयाच्या दोन भावांत तिचा मोठा फरक असू शकतो. अशा माणसापुढे दुकानातली भिंगे एकामागून एक लावून पाहण्यावाचून उपाय नव्हता. केप्लरने १६०४ साली प्रतिमा नेत्रपटलावर पडते हे दाखवून अंतर्गोल भिंग का उपयोगी पडते ते स्पष्ट केले, पण कारण कळल्याने कुणाला कोणते भिंग द्यायचे हे ठरत नव्हते.

यावर कोणी म्हणेल की इंचाचे नंबर होतेच की. होते, आणि त्यांत एक खरा गुण होता. ज्याला दहा इंचांपलीकडचे अंधुक दिसे, त्याला साधारण दहा इंच नाभीय अंतराचे अंतर्गोल भिंग लागे. म्हणजे हा नंबर माणसाला घरी पट्टीने मोजता येई. पण पॅरिसचा इंच सुमारे २७ मिलिमीटरचा आणि लंडनचा २५.४ मिलिमीटरचा. दहा नंबरच्या भिंगात हा फरक आजच्या पाव डायॉप्टरएवढाच पडतो, मात्र चार नंबरच्या भिंगात तो अर्ध्या डायॉप्टरहून जास्त होतो. ज्याची नजर सर्वांत अधू, त्याचीच दुसऱ्या शहरात सर्वाधिक फसगत. शिवाय मोठा नंबर म्हणजे सौम्य भिंग, असा हिशेब उलटा चाले. उत्रेख्तचे नेत्रतज्ज्ञ डाँडर्स यांनी १८६४ च्या आपल्या ग्रंथात १/१०, १/२० अशा अपूर्णांकांनी तो सुलटा केला. तरीही १/१४ आणि १/३६ यांची भिंगे एकत्र लावली तर काय होईल, याचे उत्तर तपासणाऱ्याला मनात काढता येईल का?

फ्रेंच नेत्रतज्ज्ञ मोनोयेरने १८७२ साली सुचवलेला डायॉप्टर हा मीटरमधल्या नाभीय अंतराचा व्यस्त आहे. नेत्रतज्ज्ञ नागेलने मीटरचा आधार आधीच सुचवला होता, त्यामुळे श्रेय एकट्या मोनोयेरला देणे योग्य नाही. या मापाने साधी बेरीज शक्य झाली: चारवर दोन लावले की सहा. भिंग पाव-पाव डायॉप्टरने वाढवत जाऊन नेमके कुठे थांबायचे ते ठरू लागले आणि तो आकडा कागदावर लिहून कोणत्याही गावच्या कारागिराकडे नेता येऊ लागला. ब्रसेल्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १८७५ मध्ये या एककाला मान्यता दिली.

इंच गेल्याने नंबर सामान्य माणसाच्या हातून सुटला, हा आक्षेप मात्र अर्धाच खरा आहे. शंभराला नंबराने भागले की चष्म्याविना स्वच्छ दिसणारे सर्वांत लांबचे अंतर सेंटिमीटरमध्ये मिळते: वजा दोनला ५०, वजा पाचला २०. डोळा किती निकामी झाला हे मात्र नंबर सांगत नाही. त्यासाठी स्नेलेनचा १८६२ चा अक्षरतक्ता आहे. वजा सहाचा माणूस चष्मा लावून त्या तक्त्यावरची ६/६ ची ओळ वाचू शकतो, आणि नंबर शून्य असलेल्या एखाद्याला नेत्रपटलाच्या विकारामुळे वरचे मोठे अक्षरही दिसत नाही.