मनाचे शास्त्र आणि टपालाची वाट

माणसाने विद्येकडे चालत जावे की विद्येने माणसाकडे चालत यावे, हा प्रश्न जुना आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा त्यांनी ह्या प्रश्नाचे आपल्यापुरते एक उत्तर देऊनच टाकले होते, असे म्हणावयास हरकत नाही. ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही, त्यांच्या गावात आणि त्यांच्या सवडीच्या वेळी विद्या येऊन उभी राहिली. आज आम्ही जो विषय मांडणार आहोत त्याचे मूळ ह्याच प्रश्नात आहे. मानसशास्त्र आणि समुपदेशन ह्यांचे पदव्युत्तर शिक्षण घरी बसून, संगणकाच्या पडद्यावर घेता येते काय, आणि येत असेल तर कोठवर?

हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने देशातील विद्यापीठांना कळविले की, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र आणि आरोग्याशी संबंधित आणखी काही विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकविता येणार नाहीत. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेला पूरक अशा व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक येतात, हा त्या निर्णयाचा आधार. म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेतून चिकित्सा, समुपदेशन किंवा औद्योगिक मानसशास्त्र ह्यांपैकी एक शाखा घेऊन एम. ए. होण्याची जी वाट तालुक्याच्या गावातील शिक्षिकेला, नोकरदाराला, मुले मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक हाती धरणाऱ्या गृहिणीला खुली होती, ती नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. निर्णय योग्य की अयोग्य, हे सांगण्यापूर्वी इतिहास काय सांगतो ते पाहणे बरे.

दूरस्थ शिक्षणाला आपल्याकडे कमी प्रतीचे मानण्याची रीत आहे. परंतु १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघाली होती, आणि त्यांचे मुख्य काम परीक्षा घेणे हे होते. खुद्द लंडन विद्यापीठाने १८५८ पासून वर्गात कधी पाऊल न टाकलेल्या माणसालाही आपल्या परीक्षेस बसू दिले. त्याआधी, १८४० साली इंग्लंडात स्वस्त टपाल सुरू झाले आणि आयझॅक पिटमन टपालाने लघुलेखन शिकवू लागला. तो कार्डे पाठवी, विद्यार्थी उतारे लिहून परत धाडीत, आणि तो चुका सुधारून पुन्हा पाठवी. ह्यातील शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पाठ पाठविणे सोपे असते. विद्यार्थ्याचे काम परत मागवून त्यावर लाल शाई चालविणे हेच खरे शिकविणे होय, आणि ह्या मुद्द्याकडे आम्हांस पुढे परत यावयाचे आहे.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ साली. त्याच १९७१ साली इंग्लंडातील मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी अभ्यासास लागले. त्या विद्यापीठाने नभोवाणी आणि दूरचित्रवाणी वापरली, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ते घरी प्रयोगाच्या साहित्याची पेटी पाठवीत असे, आणि उन्हाळ्यात त्याला आठवडाभर एखाद्या विद्यापीठात येऊन राहावयास लावीत असे, हे फारसे सांगितले जात नाही. जे टपालाने जाते ते टपालाने पाठवावे आणि जे जात नाही त्यासाठी माणसाला बोलवावे, हा विवेक तेथे पहिल्यापासून होता. पुढे आपल्याकडे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. लक्षावधी माणसे त्यांमुळे शिकली, हा उपकार लहान नव्हे.

आता मानसशास्त्राकडे वळू. ह्या शास्त्राचा जन्म प्रयोगशाळेत झाला असे मानतात. १८७९ साली विल्हेल्म वुंट याने लाइपझिग येथे प्रयोगशाळा काढली आणि जगभरचे विद्यार्थी तेथे गेले. आपल्याकडे १९१५-१६ च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हे हार्वर्डला जाऊन शिकून आले होते. म्हणजे एक परंपरा गुरूपाशी जाऊन शिकण्याची.

पण त्याच कलकत्त्यात दुसरी परंपराही उभी राहिली, आणि ती टपालाने आली. डॉक्टर गिरींद्रशेखर बोस हे वैद्यकीचा व्यवसाय करीत. फ्रॉइडचे ग्रंथ हाती पडतील तसे वाचून, स्वतःच्या रोग्यांवरून पडताळा घेऊन त्यांनी १९२१ च्या सुमारास दमनाच्या कल्पनेवर प्रबंध लिहिला आणि तो व्हिएन्नाला फ्रॉइडकडे पाठविला. पत्रव्यवहार सुरू झाला आणि पुढे वर्षानुवर्षे चालला. दोघांची भेट मात्र कधीही झाली नाही. १९२२ साली बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि आंतरराष्ट्रीय संघटनेने तिला मान्यता दिली. ज्या गृहस्थाने गुरूचे तोंड पाहिले नाही, त्याने एका खंडप्राय देशात एका विद्येची मुहूर्तमेढ रोवली. दूरशिक्षणाचा कैवार घेणाऱ्याला ह्याहून भक्कम दाखला मिळणार नाही.

किंबहुना फ्रॉइडची विद्याच पत्रांतून वाढलेली आहे. आपल्या मनाचा शोध त्याने घेतला तो बर्लिनच्या विल्हेल्म फ्लीस ह्या मित्राला पत्रे लिहिता लिहिता. १९०९ साली त्याने घोड्यांना भिणाऱ्या एका पाच वर्षांच्या मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. त्या मुलावरचे उपचारही मुख्यतः त्याच्या वडिलांकरवी झाले होते. वडील टिपणे लिहून आणीत आणि फ्रॉइड मार्ग दाखवी. मुलाला त्याने त्या काळात एकदाच पाहिले.

मग हे असेच का चालू राहिले नाही? कारण विद्या एका माणसाच्या हातून अनेकांच्या हाती जाऊ लागली, आणि त्यांतले सगळेच बोस नव्हते. १९२० साली बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाची संस्था निघाली आणि तेथे माक्स आयटिंगोन व त्याच्या सहकाऱ्यांनी शिक्षणाची तीन अंगे ठरविली. पहिले, ग्रंथांचा व सिद्धांतांचा अभ्यास. दुसरे, शिकणाऱ्याने स्वतः कोणापाशी तरी बसून आपले मन तपासून घेणे. तिसरे, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रोगी हाताळणे. १९२५ सालच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय संघटनेने शिक्षणाच्या नियमनासाठी समितीच नेमली. म्हणजे बोस यांनी जे १९२२ साली केले, ते नव्या नियमांच्या तराजूत तीनच वर्षांनी उतरले नसते. वाट कडक झाली ती विद्येचा अभिमान म्हणून नव्हे. समोर बसलेला माणूस दुखावला जाऊ नये म्हणून.

ह्या तीन अंगांकडे पाहिले म्हणजे आमच्या प्रश्नाचा गुंता बराच सुटतो. पहिले अंग टपालाने जाते, इंटरनेटने तर त्याहून सुखाने जाते. स्मरणाचे सिद्धांत किंवा संख्याशास्त्र लातूरच्या घरात शिकले म्हणून मुंबईपेक्षा खोटे ठरत नाही. खरी अडचण तिसऱ्या अंगाची आहे. समुपदेशन हे ऐकण्याचे शास्त्र. आपण नीट ऐकतो आहोत की ऐकता ऐकता उपदेश करू लागलो आहोत, हे ऐकणाऱ्याला स्वतःला कळत नाही. ते कळावयास तिसरा माणूस लागतो.

तो तिसरा माणूस खोलीत नसला तरी चालतो, हे अमेरिकेतील कार्ल रॉजर्स ह्याने दाखविले. १९४० नंतर ओहायो स्टेट विद्यापीठात असताना त्याने समुपदेशनाच्या मुलाखती तबकड्यांवर मुद्रित करावयास आरंभ केला. दर काही मिनिटांनी तबकडी बदलावी लागे, इतके ते यंत्र जुनाट. पण त्यामुळे बंद दाराआडचे संभाषण प्रथमच वर्गात आले. १९४२ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने एका माणसाशी झालेल्या आठ भेटींचा शब्दन् शब्द छापला, आणि समुपदेशक कोठे चुकला ह्याचीही टिपणे जोडली. पिटमनची लाल शाई येथे ऐकण्याच्या कलेला लागली. मुद्रण ऐकून चूक दाखविणारा गुरू शेजारी बसला आहे की शंभर कोसांवर, ह्याने फारसा फरक पडत नाही. तो आहे की नाही, ह्याने मात्र सर्वच फरक पडतो.

दुरून सल्ला देणे हे आपल्या भाषेलाही नवे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले आणि ज्या शंका घरात उच्चारताही येत नसत, त्यांची उत्तरे दिली. समोरासमोर जे बोलवत नाही ते पत्रात लिहवते, हे त्यांनी ओळखले होते. अलीकडे, ऑक्टोबर २०२२ मध्ये, केंद्र सरकारने टेलिमानस ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरविला की दूरध्वनीवर मनाच्या दुखण्याविषयी बोलता येते. सल्ला तारेवरून देणे सरकारला मान्य आहे, मग सल्ला देण्याचे शिक्षण तारेवरून का मान्य नसावे, असे कोणी विचारील, तर तो प्रश्न अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही.

त्याचे उत्तर अंतरात नाही, खर्चात आहे. एकदा लिहिलेले पुस्तक दहा हजारांना पाठविता येते. पण एका गुरूला दहा हजार मुलाखती ऐकता येत नाहीत. पहिले अंग जितके स्वस्त, तितकेच तिसरे महाग. म्हणून जेथे विद्यार्थी फार आणि देखरेख करणारे थोडे, तेथे प्रात्यक्षिकाची वही भरली जाते, शिक्का उमटतो, आणि ऐकणे तसेच कच्चे राहते. हा धोका ऑनलाइन शिक्षणात अधिक, हे खरे. परंतु भिंती असलेल्या महाविद्यालयात तो नाहीच, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे! अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था आहे. ती ऑनलाइन अभ्यासक्रमांनाही मान्यता देते, पण अट घालते की विद्यार्थ्याने देखरेखीखाली आधी १०० तासांचे प्रात्यक्षिक व नंतर ६०० तासांची उमेदवारी करावी, आणि त्यांपैकी अनुक्रमे ४० व २४० तास प्रत्यक्ष माणसांसमवेत घालवावेत. वर्ग कोठे भरला हे ती फारसे विचारीत नाही. तास कोणी मोजले आणि काम कोणी तपासले, हे विचारते.

आपली गरज किती मोठी आहे, तेही पाहावे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मनाचा काही विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रोग्यांना उपचार मिळत नव्हते. अशा देशात शिकलेल्या माणसांची संख्या कमी करणे परवडणारे नाही. तसेच अर्धवट शिकलेल्यांच्या हाती दुखावलेले मन सोपविणेही परवडणारे नाही. भूल देणारा डॉक्टर पुस्तकावर शिकलेला असावा, असे आपण म्हणणार नाही. मग मुलाच्या मृत्यूने खचलेल्या आईसमोर बसणाऱ्याने तरी केवळ पुस्तकावर का शिकावे?

तेव्हा २०२५ च्या निर्णयाने रोगाचे निदान बरोबर केले, परंतु औषध देताना पथ्य आणि अन्न दोन्ही बंद केले, असे आम्हांस वाटते. सिद्धांत दुरून शिकवावा. प्रात्यक्षिकासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात आणि महाविद्यालयात केंद्रे असावीत. तेथे विद्यार्थ्याने ठराविक तास बसावे, आणि त्याचे प्रत्येक काम कोणीतरी ऐकून तपासावे. प्रवेश तितक्यांनाच द्यावा, जितक्यांचे ऐकणारे गुरू आहेत. ह्या पद्धतीत पदव्या कमी निघतील. पण विद्येची वाट लहान गावापर्यंत उघडी राहील, आणि त्या वाटेने येणारा माणूस भरवशाचा असेल.

कायदा काय व्हावयाचा तो होवो. आपल्यासारख्या नागरिकांच्या हाती एक गोष्ट आजही आहे. घरातले कोणी समुपदेशकाकडे जावयाचे असेल, तर भिंतीवरची पदवी कोणत्या विद्यापीठाची, ती समक्ष मिळाली की पडद्यावर, एवढेच विचारून थांबू नये. तुम्ही शिकत असता तुमचे काम कोणी ऐकले होते, किती दिवस ऐकले, आणि अजूनही कोणी ऐकते काय, हे नम्रपणे विचारावे. जो खरा शिकला आहे, त्याला ह्या प्रश्नाचा राग येणार नाही.