बोरघाट उतरताना

न्यूटनचे नियम मी कर्जतच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवले. उतरणीवरच्या लाकडी ठोकळ्याऐवजी फळ्यावर नेहमी बोरघाट काढायचो. मुलांना कौतुक इंजिनाच्या ताकदीचं. पण या घाटाचा खरा इतिहास गाडी चढवण्याचा नाही, ती उतरताना आवरण्याचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

घाटातल्या लोहमार्गाचं काम 1856 ला सुरू झालं आणि 1863 मध्ये गाडी धावली. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. सुमारे 25 किलोमीटरांत 1831 फुटांची चढाई, 25 बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. काम त्याची बायको अॅलिस हिने तडीस नेलं. एका टप्प्यावर 40 हजारांहून अधिक मजूर डोंगर फोडत होते आणि पटकीने पटापट मरत होते. त्यांची नावं मला कुठे वाचायला मिळाली नाहीत, ही गोष्ट मनाला लागते.

सर्वांत खडा चढ 37 फुटांत 1 फूट. म्हणजे 1000 टनांच्या गाडीला गुरुत्वाकर्षण सुमारे 27 टन वजनाइतक्या बलाने मागे खेचतं. रूळ पोलादी, चाकही पोलादी. घर्षण इतकं कमी, की सपाटीवर गाडी सहज धावते आणि चढावर चाक जागीच फिरू लागतं. म्हणून कर्जतला मागून बँकर, म्हणजे गाडी रेटणारं जादा इंजिन, लावतात. सगळी गाडी पुढूनच ओढली तर पहिल्या कपलिंगवर साराच ताण येतो. मागून रेटल्याने तो कमी होतो, आणि कपलिंग तुटलंच तर सुटे डबे बँकर अडवतो.

आता उतार. ब्रेक आणि घर्षण दोन्ही नाहीत असं धरलं, तर 558 मीटर खाली येईतो गाडीचा वेग ताशी 375 किलोमीटरांच्या वर जाईल. डबे दहा असोत की वीस, उत्तर तेच. हे गणित सुटलं की वर्ग चिडीचूप व्हायचा.

यावरचा उपाय म्हणजे कॅच सायडिंग, मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा फाटा. सांधा मुळातच त्या फाट्याकडे लावलेला असतो. उतरणारी गाडी ठरल्या जागी पूर्ण थांबली, तरच तो मुख्य मार्गाकडे फिरवतात. ब्रेक निकामी झालेली गाडी आपसूक फाट्यावर चढते आणि तिचा वेग उंचीत जिरतो. यंत्रावर भरवसा न ठेवता आधी अपघात गृहीत धरणारी ही व्यवस्था मला फार मोलाची वाटते.

खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, ते 1929 मध्ये नव्या मार्गामुळे सुटलं. त्याच सुमारास विजेची इंजिनं आली. उतरताना त्यांच्या मोटारी जनित्राचं काम करत, गाडीला आवरत आणि तयार झालेली वीज तारेत परत पाठवत. ती वीज घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येई.