नाव नको, आकडा हवा

जनगणनेला गेलेल्या शिक्षकाला दारातच विचारणा होते, "गुरुजी, हे सगळं कशाला लिहून घेता?" सोयगावसारख्या ठिकाणी विचारणारा बहुधा विद्यार्थ्याचा बापच असतो. शंका रास्त आहे. भीतीपोटी उत्तर खोटे आले, की बेरीजही खोटी ठरते. म्हणून १९४८ च्या जनगणना कायद्याने, कलम १५ अन्वये, घरोघरच्या नोंदी पाहण्याचा हक्क कोणालाच ठेवला नाही. परवानगीवाचून माहिती फोडणारा प्रगणकही शिक्षेस पात्र ठरवला.

खासगी संशोधन कंपन्यांनाही बांधणारा सर्वंकष कायदा संमत व्हायला मात्र २०२३ साल उजाडले. त्याची वाट महाराष्ट्रातूनच जाते. पहिले आधार क्रमांक २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. आधारविरोधी याचिकेतूनच २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. नव्या कायद्याने संशोधनाला सवलत दिली, पण एक अट घातली : मिळालेल्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेता येणार नाही.

मात्र नाव खोडले म्हणजे माणूस लपतो, असे नाही. लहान गावात 'विधवा, शिक्षिका, वय ५२' एवढ्यावरूनही घर सापडते! असे छोटे गट एकत्र करूनच संशोधकाने आकडे छापावेत. दारातल्या त्या प्रश्नाला तेव्हाच प्रामाणिक उत्तर देता येईल.