सोलापुरी चादरीवरच्या खुणा : प्रस्तावना

जुनी चांदीची भांडी किंवा चिनी मातीच्या बशा जमवणारा माणूस वस्तू हाती आली की आधी ती पालथी करतो. बनवणाऱ्याची मोहोर तिथे असते. सोलापुरी चादरीकडे या नजरेने आपण फारसे पाहिलेले नाही. ती अंथरली, पांघरली, आहेरात दिली आणि विरली की तिचे पोतेरे केले. कोणी विणली, कुठे विणली, केव्हा विणली हे सांगणारी खूणही तिच्याबरोबर गेली. 

या खुणा वाचण्याची सुरुवात विणलेल्या नावापासून करावी. काही कारखानदार आपले नाव चादरीतच विणतात. अशी चादर उलटून पाहा. सुलट बाजूला मरून जमिनीवर पांढरी अक्षरे असतील, तर पाठीमागे तीच अक्षरे पांढऱ्या जमिनीवर मरून आणि आरशातल्यासारखी उलटी दिसतात. जॅकार्ड मागावर नक्षी जशी दोन्ही अंगांनी उतरते, तसेच नावही उतरते. पंचकार्डांच्या काळात त्यासाठी आडव्या धाग्यागणिक कार्डे छिद्रे पाडून तयार करावी लागत. म्हणून विणलेले नाव ही विचारपूर्वक, खर्च करून केलेली सही आहे. शिवलेले लेबल उसवून दुसऱ्या चादरीला लावता येते. हे नाव काढायचे तर कापडच कापावे लागेल. अर्थात आजच्या संगणकी जॅकार्डवर कोणाचेही नाव विणता येते. त्यामुळे अक्षरांचे वळण, काठ, सुताचा पोत आणि वजन खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

लेबल दुय्यम असले तरी काळ ठरवायला त्याच्याइतका उपयोगी पुरावा नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) 1962 साली स्थापन झाले. तेव्हा पत्त्यात पुणे रस्त्यावरची ‘चिंचोळी एमआयडीसी’ असेल तर ते लेबल त्याआधीचे असूच शकत नाही. सहा आकडी पिनकोड 15 ऑगस्ट 1972 पासूनचा. जीएसटी क्रमांक जुलै 2017 नंतरचा. साखर पेठ, भवानी पेठ असे पत्ते तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांच्या जुन्या वस्तीकडे नेतात, पण एवढ्यावरून वर्ष ठरत नाही, कारण तिथे माग पुढेही चालत राहिले. मापांवर तर मुळीच विसंबू नये. मेट्रिक पद्धत येऊन साठ वर्षे झाली तरी चादर अजून ‘साठ बाय नव्वद’ अशी इंचातच मागितली जाते. आणखी एक सावधगिरी: लेबले गठ्ठ्याने छापली जातात आणि वर्षानुवर्षे पुरतात. लेबलावर पिनकोड आहे म्हणजे ते 1972 नंतरचे, हे पक्के. पिनकोड नाही म्हणजे आधीचे, असे मात्र म्हणता येत नाही. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते.

‘सोलापुरी चादर’ या नावाला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापुरी टेरी टॉवेललाही त्याच वर्षी ते मिळाले. हे मानांकन गाव सांगते, कारखाना सांगत नाही. चादर सोलापूरची आहे एवढे सिद्ध झाल्यावरही ती कोणाच्या मागावरची, हा प्रश्न उरतोच, आणि संग्राहकाचे खरे काम तिथून सुरू होते. उलट, 2005 पूर्वीच्या चादरीवर मानांकनाची खूण नाही म्हणून तिला नकली ठरवणे हा त्या विणकरावर अन्याय होईल.

 बंद पडलेल्या मागांची कार्डे रद्दीत जातात, लेबलांचे ठसे भंगारात. त्यांची नोंद ठेवायची तर ती आत्ताच ठेवायला हवी. वाचकांना विनंती एवढीच: घरातली जुनी चादर टाकण्यापूर्वी तिच्या दोन्ही बाजूंचे, काठाचे आणि लेबलाचे छायाचित्र काढा, ती कोणत्या वर्षी, कोणत्या दुकानातून, कोणाच्या लग्नात आली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याखाली लिहून ठेवा.