मुंबई स्पेशल आणि आजोबांची 'जनता'

'मुंबई स्पेशल' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? भेळ? ग्रिल सँडविच? सुट्टीतली जादा रेल्वेगाडी? जुन्या घड्याळांच्या नादी लागलेल्या परदेशी मंडळींना विचाराल तर ती नाक मुरडतील. त्यांच्या बोलीत ही जवळजवळ शिवी आहे. जुनं स्विस घड्याळ नाहीतर एचएमटी, डायल भडक निळ्या-केशरी रंगात नव्याने रंगवलेली, काटे दुसऱ्याच घड्याळाचे, चावी तिसऱ्याची, केस बफ मारून चकाचक, आणि वर ईबेवर 'व्हिंटेज, ओरिजिनल' म्हणून विकायला काढलेलं... हे म्हणजे मुंबई स्पेशल.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जरा रागच आला. मग कुतूहल वाटलं. मोडकी घड्याळं काय जगात दुसरीकडे नाहीत? मग मुंबईचंच नाव का? त्या नादात दोन-तीन वीकेंड गेले (बायकोच्या मते चार), आणि शेवटी गाडी थेट आमच्या ताडकळसला येऊन थांबली. पण ते पुढे.

आधी मुंबई. १७३७ साली स्वित्झर्लंडमधल्या ल लोकल गावात सुरू झालेली फेवर-लुबा (खरा उच्चार फ्रेंचांना विचारा, आपल्याकडे सगळे असंच म्हणतात) १८६५ मध्ये भारतात आली, ती मुंबईत. पाठोपाठ १८८६ च्या सुमारास वेस्ट एंड वॉच कंपनी. नाव लंडनचं, घड्याळं स्वित्झर्लंडची आणि गिऱ्हाईक हिंदुस्थानातलं! त्यांच्या एका मॉडेलचं नाव 'सोवार', म्हणजे आपला घोडेस्वार. पलटणीतले लोक हीच घड्याळं वापरायचे. श्रीमंतांचा थाट वेगळा. जगप्रसिद्ध 'रिव्हर्सो' हे घड्याळ १९३१ साली निघालं, तेच मुळी हिंदुस्थानात पोलो खेळताना इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या म्हणून. केस उलटी फिरवायची, काच आत, पोलादी पाठ बाहेर.

थोडक्यात, स्विस घड्याळांसाठी आपण म्हणजे मोठा बाजार होतो. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचवायचं म्हणून आयातीवर बंधनं आली. हौस थोडीच कमी होते? मग सोन्याबरोबर घड्याळांचीही तस्करी सुरू झाली. आखातातून गलबतं यायची आणि माल मुंबईच्या किनाऱ्यावर उतरायचा. सरकारने १९६१ साली बेंगळुरूला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना काढला, त्यामागे हेही एक कारण होतं. तंत्र जपानच्या सिटिझन कंपनीचं. पहिली घड्याळं नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली.

आता एक मुद्दा लक्षात घ्या. स्विस माल अधिकृतपणे येत नाही, म्हणजे त्याचे पार्टही येत नाहीत. मनगटावरचं रोमर किंवा टिटोनी बंद पडलं तर करायचं काय? एका मेलेल्या घड्याळातून पार्ट काढून दुसऱ्याला बसवायचा. त्यात आपला पावसाळा. काचेच्या फटीतून ओल आत शिरते, डायलवर बुरशीसारखे डाग पडतात, आकडे काळे होतात. गिऱ्हाईक म्हणतं, "नवी करून द्या." मुंबईत डायल नव्याने रंगवून, वर नाव छापून देणारे कारागीर होतेच. ही रीतसर सेवा होती, जशी पितळी भांड्यांना कल्हई. त्यात फसवणूक नव्हती, कारण डायल रंगवलेली आहे हे मालकाला माहीत असायचं. त्यानेच तर पैसे दिलेले असायचे!

मग क्वार्ट्झ आलं. सायकोचं पहिलं क्वार्ट्झ घड्याळ १९६९ च्या नाताळात निघालं. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या घड्याळ-कामगारांची संख्या साधारण नव्वद हजारांवरून तीसेक हजारांवर आली. आपल्याकडे टाटांच्या टायटनने १९८७ पासून क्वार्ट्झचा धडाका लावला. रोज चावी द्यायची कटकट नाही, महिनाभर वेळ हलत नाही. लोकांनी चावीची घड्याळं ट्रंकेत टाकली, भंगारात दिली. ती पोत्यांनी चोरबाजारात पोचली. आणि नेमकं तेव्हाच इंटरनेट आलं. तिकडे अमेरिकेत-युरोपात जुन्या यांत्रिक घड्याळांची हौस परत जागी झालेली, इकडे पोत्यांनी माल आणि पोटापाण्याला काम शोधणारे कुशल हात. दोन अधिक दोन चार.

म्हणजे मुंबई स्पेशल काही आकाशातून पडलं नाही. तीच कल्हई, तेच कारागीर. फक्त गिऱ्हाईक बदललं, आणि नव्या गिऱ्हाइकाला कल्हई केल्याचं कोणी सांगितलं नाही.

ताडकळस परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यात. आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मुंबईहून माल आला की त्यावर निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात. तेव्हा सामान्य शेतकऱ्याच्या मनगटावर घड्याळ असण्याचा प्रश्नच नव्हता. जवळचं मोठं घड्याळ म्हणजे पूर्णा जंक्शनचं, आणि बाकी सगळं सूर्यावर. खेड्यापाड्यात मनगटी घड्याळ खऱ्या अर्थाने पोचवलं ते एचएमटीने, आणि तेही लग्नाच्या मांडवातून. नवरदेवाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ. यावरून वऱ्हाडं अडून बसल्याच्या कथा प्रत्येक गावात ऐकायला मिळतील. कांचन नावाचं ऑटोमॅटिक मॉडेल तर एवढं मागणीत होतं की लोक छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मोजायचे. (हुंड्याचा इतिहास एचएमटीच्या कॅटलॉगवरून लिहिता येईल. असो.)

आमच्या आजोबांना मिळाली 'जनता'. साधी, पांढरी डायल, रोज चावी द्यायची. आत ०२३१ नंबरचं मशीन, सतरा ज्वेल, सेकंदाला पाच ठोके. हेच मशीन एचएमटीने काळ्या डायलच्या 'पायलट'मध्येही घातलं. घड्याळ्याच्या दृष्टीने यासारखं सुख नाही. आत एकच इंजिन, वरून बॉडी निरनिराळी. जीपसारखं.

गेल्या वर्षी चुलतभावाचं लग्न ठरलं आणि ती जनता त्याला द्यायची असं काकांनी ठरवलं. घड्याळ बंद, काचेवर चरे, डायल पिवळी पडून सहाच्या आकड्याजवळ तपकिरी डाग. काकू म्हणाल्या, "अशी कळकट वस्तू नवरदेवाला द्यायची का? नवीन डायल टाकून आणा." मी अर्थातच ज्ञान पाजळलं. डायल बदलली तर संग्राहकांच्या लेखी निम्मी किंमत जाते, वगैरे. काकू म्हणाल्या, "आपल्याला कुठं विकायचंय?" बिनतोड मुद्दा!

मग ते घेऊन मी गावातल्या घड्याळजींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. टपरीएवढं दुकान, डोळ्याला भिंग, समोर पेट्रोलची वाटी आणि पानमसाल्याच्या डब्यांत सुटे पार्ट. त्यांनी चाकूने झाकण उघडलं, बॅलन्सवर हळूच फुंकर मारली आणि म्हणाले, "बॅलन्सची सुई तुटली. पडलंय कधी तरी." दुसरा बॅलन्स कुठून आणणार? त्यांनी एक डबा उलटा केला. त्यात एक पायलट होतं, डायल गेलेलं, पण बॅलन्स धडधाकट.

चाचा पार्ट पेट्रोलमध्ये धूत होते, तोवर ते झाकण माझ्या हातात होतं. आतली बाजू उन्हात तिरकी धरली तर बारीक ओरखडे दिसायला लागले. नीट पाहिलं तर आकडे होते ते. ४-७६. १२-७९. मग एक इंग्रजी अक्षर आणि ८४. शेवटचा ९-९२. मी विचारलं हे काय? चाचा म्हणाले, "ज्यानं खोललं त्यानं तारीख टाकायची. मागून गिऱ्हाईक म्हणतंय, तुम्हीच बिघडवलं. मग दाखवता येतंय की नाही?"

मंडळी, मी रोज ऑफिसात बघतो ते काय वेगळं असतं? कोणी, कधी, काय बदललं याची नोंद! फक्त इथे ती सुईच्या टोकाने पितळ-पोलादावर कोरलेली. आणि ती वाचताही येते. दर काही वर्षांनी घड्याळ धुतलं जायचं, आणि नेहमी एकाच माणसाकडून नाही. ८४ चा हात वेगळा आहे, आकडे उजवीकडे झुकलेले. ९२ नंतर काहीच नाही. का, ते घरी विचारल्यावर कळलं. १९९३ मध्ये बाबांनी पहिल्या पगारातून आजोबांना टायटन घेऊन दिलं होतं. क्वार्ट्झने एचएमटीला कसं मागे टाकलं याच्या कहाण्या पुष्कळ वाचल्या होत्या, आमच्या घरातली तारीख मला त्या झाकणाने सांगितली.

संग्राहकांच्या काटेकोर व्याख्येत ही जनता आता 'फ्रँकन' झाली, म्हणजे फ्रँकेन्स्टाइनसारखी तुकडे जोडून केलेली. तिचं काळीज पायलटचं आहे ना! मला ही व्याख्या अपुरी वाटते. पार्ट बदलणं हा घड्याळाचा धर्मच आहे. कमान तुटणार, काच चरणार, पट्टा कुजणार. मुंबई स्पेशलमध्ये मला खटकतो तो बदल नव्हे, लपवालपवी खटकते. तिथे बफ मारताना झाकणाच्या बाहेरचे शिक्केही पुसट होतात, डायलवर नाव एकाचं आणि आत मशीन भलत्याचंच निघतं.

फर्स्ट कॉपीचं प्रकरण याहून निराळं. पुण्यात आमच्या ऑफिसात एकाच मजल्यावर तीन 'रोलेक्स सबमरिनर' फिरतात. पूर्वी नकली ओळखणं सोपं होतं. सेकंदकाटा टक् टक् करत गेला की समजायचं, आत सेल आहे. आता चिनी कारखाने आत ऑटोमॅटिक मशीनच घालतात, तासाला २८,८०० ठोक्यांचं, म्हणजे अस्सलाइतकंच. काटा तसाच सरसर सरकतो. काही ठिकाणी तर मशीनचीही हुबेहूब नक्कल असते. नकली ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्याला आपल्या १९९९ च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, तरी विक्री जोरात. गोम पुढेच आहे. बिघडलं की कंपनीचं सर्व्हिस सेंटर हात लावत नाही आणि बाहेर त्याचे पार्ट सहज मिळत नाहीत. तिघांतल्या एकाचं गेल्या दिवाळीपासून बंद आहे. तो तसंच घालतो.

उलट २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींच्या वस्तूंचा लिलाव झाला. चष्मा, चपला, ताट-वाटी आणि एक झेनिथचं खिशातलं घड्याळ. सगळं मिळून अठरा लाख डॉलरला विजय मल्ल्यांनी घेतलं. त्या घड्याळाची डायल कुणी चकाचक करून आणली असती तर? विचार करा.

आमच्या डायलचं काय झालं? मी चाचांना विचारलंच, नवी टाकायची का? ते म्हणाले, "हौ, टाकता येतंय. मुंबईहून मागवावी लागंल. पण जुनी फेकू नका, पुडीत बांधून ठेवा. लोक मागून येऊन भांडायलेत, आमची जुनीच द्या म्हणून." काकूंना फोन लावून हे जसंच्या तसं सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग, "बरं, काच तरी नवी टाका." काच नवी, पट्टा नवा, डायल डागासकट तीच. लग्नात फोटोग्राफरने हाताचा क्लोजअप घेतला तेव्हा काकूंनी भावाची बाही पुढे ओढली ते सगळ्यांनी पाहिलं. :) घड्याळ सध्या दिवसाला चाळीस सेकंद पुढे जातं. पन्नास वर्षांच्या मशीनला एवढं चालतं.

एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. त्याआधी बंद होणार अशी बातमी फुटल्यावरच लोकांची झुंबड उडाली होती आणि किमती चढल्या होत्या. एचएमटी नावाने बेंगळुरूहून नंतरही थोडी घड्याळं विकली गेली, पण गावोगावच्या डब्यांत नवे पार्ट काही त्यातून येत नाहीत. आता पायलटच्या, जनताच्याही नकली डायली सर्रास मिळतात. देवनागरी आकड्यांची जनता तर खास जपून घ्या. अस्सल आहेत, पण मागणीमुळे नकलीही भरपूर. चाचांच्या दुकानात अर्ध्या काउंटरवर त्यांचा मुलगा मोबाइलला स्क्रीनगार्ड लावतो. घड्याळाचं काम शिकलास का, असं मी त्याला विचारलं. सेल बदलतो, म्हणाला.

निघताना चाचांनी झाकण बंद करण्याआधी सुईने ९२ च्या खाली नवी तारीख टाकली. मी मोबाइलवर पाचही नोंदींचा फोटो काढून ठेवला आहे.

तुमच्या घरी ट्रंकेत, कपाटाच्या खणात आजोबांचं घड्याळ असेलच. झाकणाच्या आत काय सापडलं ते जरूर कळवा, गावाच्या नावासकट. फक्त उघडायचं ते घड्याळजीकडूनच, स्वयंपाकघरातल्या सुरीने नको.