दहा वाढीव वर्षे

इंग्लंडमधील ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात पाटण्याच्या शेख दीन मुहम्मदचे थडगे आहे. १८५१ मध्ये तो १०१ वर्षांचा होऊन वारला, असे त्यावर कोरले आहे. अभ्यासक मायकेल फिशर यांच्या मते त्याचा जन्म १७५९ चा. म्हणजे वय ९१-९२. ही जादा दहा वर्षे आली कुठून, या प्रश्नाने मला त्याच्या मागे लावले.

कंपनीच्या बंगाल फौजेबरोबर वाढलेला हा माणूस १७८४ मध्ये आयर्लंडला गेला. १८१० मध्ये त्याने लंडनमध्ये हिंदुस्थानी खाणावळ काढली. दोन वर्षांत दिवाळे निघाले. मग ब्रायटनला समुद्रकाठी त्याने स्नानगृह थाटले. रोग्याला वनस्पतींच्या वाफेत घाम आणायचा, मग फ्लॅनेलच्या तंबूत बसवून, तंबूच्या भोकांतून हात घालून त्याचे अंग रगडायचे. संधिवाताचे, आखडलेल्या सांध्यांचे रोगी येत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांनीही त्याला नेमले. या उपचाराचे नाव ‘शॅम्पूइंग’. मूळ आपल्याच ‘चांपणे’, ‘चंपी’च्या कुळातले. केस धुण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

१८२२ च्या आपल्या पुस्तकात मात्र तो जन्मसाल १७४९ देतो आणि फौजेत येण्याआधी वैद्यकी शिकल्याचे सांगतो. १७९४ च्या प्रवासवर्णनात या शिक्षणाचा मागमूस नाही. शिक्षणासाठी जागा हवी, म्हणून दहा वर्षे वाढली.

पहिल्यांदा मी त्याला लबाड ठरवून मोकळा झालो होतो. त्याच्या दालनात बऱ्या झालेल्यांच्या कुबड्या मांडलेल्या असत. पण ज्यांना गुण आला नाही, ते आपल्या कुबड्या घेऊनच परत गेले असणार. त्यांची नोंद कोण ठेवणार? पुराव्याच्या दृष्टीने ही शंका मी आजही सोडत नाही. तरी शेक आणि रगडण्याने आखडलेले अंग काही काळ सैल होते, हे नाकारता येत नाही. १८९४ मध्ये लंडनच्या चार परिचारिकांनी मालिश करणाऱ्यांची संस्था काढली. ब्रिटनमधली फिजिओथेरपीची संघटना तिच्यातूनच वाढली.

म्हणजे हातात गुण होता, पण नुसत्या हाताला तिथे पत नव्हती. त्यासाठी डॉक्टरी लागली, आणि डॉक्टरीसाठी खोटे वय. आपल्याकडे तरी वेगळे काय? बाळंतिणीचे अंग चोळणारी बाई, तालमीत पैलवानाला रगडणारा गडी, यांची नावे कोणत्या दप्तरात आहेत? नरकचतुर्दशीला पाठीवर तेलाचा हात फिरला की मला ती दहा वर्षे आठवतात. खोटी खरीच, पण ती त्याला का लागली, हे आता कळते.